गाळ काढला, पाणी वाढलं, मग मासे कुठं गेले?

बोडीकाठ | ४ मे, रात्री ९:५०

राम राम मंडळी. बरेच दिवस नुसता वाचक होतो, आज पहिल्यांदा धागा काढतोय.

आमचं गाव गोंदिया जिल्ह्यात, अर्जुनी मोरगाव तालुक्यात. गावाला मामा तलाव आहे. बाहेरच्यांसाठी सांगतो, मामा म्हणजे माजी मालगुजारी, जुन्या मालगुजारांच्या म्हणजे जमीनदारांच्या काळातला; आईचा भाऊ नव्हे. चार वर्षांआधी उन्हाळ्यात त्याचा गाळ काढला. दोन जेसीबी, ट्रॅक्टरची रांग, गावभर धूळ. मीही तेव्हा पुढं पुढं होतो, खोटं कशाला बोलू. गाळ बांध्यांत, म्हणजे धानाच्या शेतांत, पडला आणि पहिल्या वर्षी धान असं आलं की शेजारच्या गावचे लोक पाहायला आले. तलावही खोल झाला. आधी मार्च लागला की तलावाच्या पोटात ढोरं चरायची, आता मे महिन्यातही पाणी असतं.

पण तलाव पहिल्यासारखा राहिला नाही. आधी पाणी नितळ असायचं, उतरलं की पाण्यातल्या वेली पायाला गुंडाळायच्या, लहानपणी त्याचीच भीती वाटायची. आता पाणी पोपटी हिरवं, पेजेत कोणी पालक वाटून टाकल्यासारखं. मरळ नाही, मागूर नाही. शिंगाडा संपला. अडई बदकांचे थवे यायचे, ते येत नाहीत. मच्छीमार सोसायटीनं सोडलेले कटले पहाटे पहाटे वर येऊन तोंड उघडझाप करतात. मागच्या ऑगस्टमध्ये एका सकाळी काठाला मेलेल्या माशांची रांगच लागली. गावात चर्चा अशी की कोणी तरी औषध टाकलं. मला ते पटत नाही, पण मग झालं काय तेही समजत नाही.

कोणाला कळत असेल तर सांगा.

---

नागपुरी_संत्रं | ४ मे, रात्री १०:०५

मासे ट्रॅक्टरमधून बांधीत गेले अन् तुम्ही भातासोबत खाल्ले. विषय संपला.

(गंमत केली भाऊ. धागा चांगला आहे, कोणी जाणकार येईलच.)

---

नहरवाले_काका | ५ मे, सकाळी ६:३०

३४ वर्षं पाटबंधारे खात्यात काढली, त्यातली निम्मी भंडारा-गोंदियात. म्हणून बोलतो.

गाळ काढल्यानं मासे गेले हे मी मानणार नाही. पाणीच नसेल तर मासे काय हवेत पोहतील? पूर्व विदर्भात असे साडेसहा हजारांच्या वर तलाव आहेत. कोहळी लोकांनी दोन-तीनशे वर्षांआधी बांधले, जमिनीचा उतार नुसत्या नजरेनं ओळखून. १९५० च्या कायद्यानं मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले. १०० हेक्टरपर्यंत सिंचन करणारे लहान तलाव आज जिल्हा परिषदेकडे आहेत. तेव्हापासून पाळ कोणी पाहायची, तुडूम (पाणी सोडायचं दार) कोणी दुरुस्त करायचा, गाळ कोणी उपसायचा, याला वालीच नाही. निम्मे तलाव बशीसारखे उथळ झाले. २०१७ पासून गाळमुक्त धरण योजना आली तेव्हा कुठं कोणी त्यांच्याकडं पाहिलं. आता त्यातही खोड काढता.

ऑगस्टमध्ये मासे मेले तर आधी तणनाशक आणि फवारणी पाहा. चारही बाजूनं बांध्या आहेत ना तुमच्या?

---

कोथरूडकर | ५ मे, सकाळी ११:१५

विषय आवडीचा आहे म्हणून लिहितो. अमेरिकेतल्या यलोस्टोनमध्ये लांडगे मारून संपवले तेव्हा एल्क हरणं वाढली, त्यांनी नदीकाठची झाडं खाऊन टाकली. १९९५ मध्ये लांडगे परत आणले आणि सगळं पूर्ववत झालं, अगदी नद्यासुद्धा. तुमच्या तलावातही असा एखादा 'लांडगा' गेला असेल. तो शोधा आणि परत सोडा.

---

ढिवराची_लेक | ५ मे, दुपारी २:४०

जेवणाच्या सुट्टीत लिहितेय, शुद्धलेखन सांभाळून घ्या.

काका, आदर ठेवून सांगते, तुम्ही तलाव पाळीवरून पाहिला. आम्ही पाण्यात उतरून पाहिला. माझे आजोबा, बाबा, दोन्ही काका, सगळे तलावावरच जगले. आमच्याकडंही गाळ काढला, आमच्याकडंही हेच झालं. एक गोष्ट कोणी बोलत नाही म्हणून मी बोलते. जेसीबीनं काठ सरळ कापला. आधी पाऊलभर पाणी, मग घोटाभर, मग गुडघाभर, असं चालत चालत आत जाता यायचं. आता काठावरून पाय घसरला की गळ्याएवढ्या पाण्यात.

मरळ खोल पाण्यात अंडी घालत नाही. तिला काठचं गवताळ, उथळ पाणी लागतं. गवत बाजूला सारून ती गोल जागा करते आणि अंडी तरंगत ठेवते. पिलं निघाली की ती लालसर असतात, शेदोनशे पिलांचा थवा वर दिसतो आणि खाली आईबाप राखण करतात. आजोबांना असा थवा दिसला की त्या बाजूला जाळं टाकायचे नाहीत. मी चौथीत असताना मला डोंग्यात बसवून त्यांनी तो थवा दाखवला होता. पाण्यावर कोणी कुंकू सांडल्यासारखा दिसला. हात पुढं केला तर खालून मरळीनं अशी उसळी मारली की डोंगा हलला.

रोहू, कटला, मृगळ बंद पाण्यात अंडी घालतच नाहीत, त्यांना पुराचं वाहतं पाणी लागतं. म्हणून त्यांचं बी दरवर्षी विकत आणून सोडावं लागतं. मरळ-मागूर फुकटात होत होते. फुकटात होत होते म्हणून सोसायटीच्या वहीत त्यांची नोंद नव्हती, आणि गेले तेव्हाही नोंद झाली नाही.

---

बोडीकाठ | ५ मे, रात्री ८:१०

ताई, अंगावर काटा आला. आमचा काठ तसाच कापलाय, भिंतीसारखा. मागच्या वर्षी एक वासरू पडलं, बाहेर निघता येईना त्याला.

काका, फवारणीचं म्हणाल तर त्या आठवड्यात सलग चार-पाच दिवस आभाळ होतं, कोणी पंप काढलाच नव्हता.

---

मृगधारा | ६ मे, पहाटे ५:२०

चंद्रपूरकडं कनिष्ठ महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवते. उत्तर लांब होईल.

"सलग चार-पाच दिवस आभाळ" वाचलं आणि ऑगस्टचं कोडं सुटलं असं वाटलं. हिरवं पाणी म्हणजे सूक्ष्म शेवाळ. दिवसा ऊन असलं की ते प्राणवायू सोडतं. रात्री मात्र तेही आपल्यासारखंच श्वास घेतं, प्राणवायू सोडत नाही. म्हणून अशा तलावात प्राणवायू सगळ्यात कमी असतो तो सूर्य उगवायच्या आधी. कटले पहाटे तोंड वर काढतात ते यासाठीच. आभाळ चार दिवस हटलं नाही की दिवसाची कमाई बंद, रात्रीचा खर्च चालू. पाचव्या पहाटे दिवाळं. कोणी औषध टाकायची गरज नाही.

मरळ आणि मागूर मात्र असे मरत नाहीत, ते वर येऊन हवेतला श्वास घेऊ शकतात. त्यांचं कारण वेगळं, आणि ते ढिवराची_लेक ताईंनी सांगितलंच आहे. त्यांचा पाळणाच कापून नेला.

आता पाणी हिरवं का झालं. उथळ तलावाला दोन चाकोऱ्या असतात, बैलगाडीच्या असतात तशा. पहिली चाकोरी नितळ पाण्याची. ऊन तळापर्यंत जातं, म्हणून तळाशी वनस्पती वाढतात. त्यांची मुळं चिखल धरून ठेवतात, त्या पाण्यातलं खत शोषतात, आणि त्यांच्या पानांत पाणपिसवा नावाचे बारीक जीव लपतात, जे शेवाळ खातात. म्हणून पाणी नितळ राहतं, म्हणून ऊन तळापर्यंत जातं. दुसरी चाकोरी हिरव्या पाण्याची. वर शेवाळ, म्हणून खाली अंधार, म्हणून तळाच्या वनस्पती मरतात, म्हणून चिखल सुटा होतो, त्यातलं खत पाण्यात उतरतं, म्हणून आणखी शेवाळ. दोन्ही चाकोऱ्या स्वतःला खोल करत जातात. गाडी एकदा पडली की बैल हाकायचीही गरज नसते. हॉलंडच्या मार्टेन शेफर यांनी १९९३ साली उथळ तलावांबद्दल हे नीट मांडलं.

तुमच्या तलावात बघा काय काय एकदम झालं. तळाची माती गेली, तिच्यासोबत बी आणि कंद गेले. खोली वाढली, म्हणजे तळ उजेडापासून लांब गेला. काठ कापल्यानं जिथं उजेड हमखास पोचतो तो उथळ पट्टाच राहिला नाही. वरून बांध्यांतलं डीएपी-युरिया पावसासोबत येतंच आहे. ते आधीही येत होतं, पण तेव्हा ते खाणाऱ्या वनस्पती होत्या.

आणखी एक, थोडं विचित्र वाटेल. मार्चमध्ये ढोरं चरायची हे तुम्ही दोष म्हणून लिहिलंय. काठ दरवर्षी उघडा पडणं, तापणं, पुन्हा भिजणं यावर कितीतरी वनस्पतींचं रुजणं अवलंबून असतं. शाळेच्या वहीत कोरी जागा सोडतात तशी ती जागा नव्हती, तिथं पुढच्या पावसाळ्याचं बी पडलेलं होतं.

एक प्रश्न. सोसायटी कोणकोणते मासे सोडते? गवत्या आणि सायप्रिनस आहेत का?

कोथरूडकर, यलोस्टोनबद्दल: गोष्ट छान आहे पण अर्धीच सांगितली जाते. लांडगे गेले तेव्हा ओढ्यांवर लाकडांचे बांध घालणारे बीव्हरही हटले, त्यांचे बांध फुटले, ओढे खोल कापले गेले आणि भूजल खाली गेलं. लांडगे परत आल्यावर काही ठिकाणी वाळुंज वाढले, पण जिथं पाणीच खाली गेलं होतं तिथं नुसत्या लांडग्यांनी ते परत आले नाहीत. त्यावर तिथं अजून वाद चालू आहे. जाताना गाडी ज्या वाटेनं गेली त्याच वाटेनं परत येत नाही, हे तुमच्या उदाहरणातूनही दिसतं.

---

कोथरूडकर | ६ मे, सकाळी ९:००

मॅडम, मान्य. व्हिडिओ पाहून लिहिलं होतं.

---

पऱ्हाटी | ६ मे, दुपारी १२:३०

मृगधारा मॅडम, तुमची चाकोरी वाचून मले आमची पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, आठोली. मी यवतमाळ जिल्ह्यातला, तलाव-गिलाव आमच्याकडं नाई, पण गोष्ट थेच हाय.

२००२ मंधी अळी मारनारं बीटी बियाणं आलं, २००६ मंधी दोन जीनचं आलं. बोंडअळी गेली, आम्ही खुश. थैलीसंगं १२० ग्रॅमची बिनबीटीची पुडी येत होती. कंपनीवाला सांगे का हे शेताच्या चहूकडून लावा. कोणं लावली राजेहो? म्या तं बांधावर फेकली, एक डाव ढोरायले चारली. आता समजते थे पुडी काहून होती. बिनबीटी झाडावर साध्या अळ्या वाचाव्या, त्यायचे पतंग शेतातल्या निबर, बीटीनं न मेलेल्या पतंगासंगं लागावे, म्हणजे सारीच जात निबर होत नाई. आम्ही थे दारच बंद केलं. वरून फरदड घेतली, मार्च-एप्रिलपर्यंत पऱ्हाटी उभी, म्हणजे गुलाबी अळीले बारा महिने खानावळ. २०१७ मंधी बोंड फोडा अन् आत अळी. मंग फवारणी, फवारणीवर फवारणी. त्या सालीच आमच्या जिल्ह्यात फवारता फवारता वीसच्या वर माणसं गेली. थे मी इथं जास्त लिहित नाई.

त्या फवाऱ्यात ढालकिडे मेले, जाळीदार पंखाचा थो हिरवा किडा मेला. मंग मावा-तुडतुड्याले कोण खाईल? थे काम आम्ही अंगावर घेतलं, पैसे भरून.

---

नागपुरी_संत्रं | ६ मे, दुपारी १:००

"१२० ग्रॅमची पुडी ढोरायले चारली." पऱ्हाटी भाऊ, हसावं का रडावं समजेना.

आमच्या आजोळी, काटोलकडं, ढोरं टाकायच्या जागेवर गिधाडांची शाळा भरायची. मी पाचवी-सहावीत असताना ती एकदम दिसेनाशी झाली. तेव्हा कोणाला काही समजलं नाही, नंतर कळलं की ढोरांना वेदनेवर द्यायचं डायक्लोफिनॅक त्यांना भोवलं. आता तिथं कुत्र्यांची टोळी आहे, आजी संध्याकाळी त्या वाटेनं जात नाही.

---

मृगधारा | ६ मे, रात्री ९:३०

हो, मेलेल्या जनावरातून ते औषध गिधाडाच्या पोटात गेलं की मूत्रपिंडं निकामी होतात. २००४ साली कारण सिद्ध झालं, २००६ साली जनावरांसाठी बंदी आली. तोवर पांढऱ्या पाठीची गिधाडं शंभरातली एकही उरली नव्हती म्हटलं तरी चालेल. एयाल फ्रँक आणि अनंत सुदर्शन या अर्थशास्त्रज्ञांनी २०२४ साली अंदाज मांडला की गिधाडं गेल्यामुळं २००० ते २००५ या काळात भारतात सुमारे ५ लाख माणसं जास्तीची मेली. कुजणारी जनावरं, घाण झालेलं पाणी, वाढलेली कुत्री, रेबीज. गिधाड काय काम करतं हे ते असताना कोणी मोजलं नव्हतं.

पण बोडीकाठ भाऊंचा तलाव राहून जाईल. भाऊ, उत्तर?

---

बोडीकाठ | ७ मे, रात्री ९:१५

सोसायटीच्या अध्यक्षांना विचारून आलो. गाळ काढला त्याच वर्षी कटला, रोहू, मृगळ यांच्यासोबत गवत्या आणि सायप्रिनसही सोडले. "पाण्यात गवत उगवलं तर जाळं अडकते, म्हणून गवत्या टाकला," असं म्हणाले. त्यांचंही चूक म्हणता येत नाही.

---

ढिवराची_लेक | ७ मे, रात्री १०:००

गवत्या ऐन भरात असला की दिवसाला स्वतःच्या वजनाएवढं गवत खातो. सायप्रिनस खालचा चिखल डुकरासारखा उकरतो. वाचलेला एखादा कंद असेल तोही गेला.

जाळं अडकतं हे खरं आहे. पण बाबा म्हणतात, ज्या तलावात जाळं अडकत नाही त्यात अडकण्यासारखं काही नसतं.

---

मृगधारा | ८ मे, पहाटे ५:४०

हॉलंडमध्ये हाच चिखल उकरणारा त्यांचा ब्रीम मासा होता. काही तलावांतून त्यांनी तो जाळी लावून मोठ्या प्रमाणावर काढला, तेव्हा पाणी नितळ झालं आणि वनस्पती परत आल्या. नुसतं खताचं पाणी कमी करून तिथं भागलं नव्हतं.

भाऊ, एक करून बघाल? घरातली स्टीलची जुनी थाळी घ्या, अर्धी पांढरी अर्धी काळी रंगवा, मधे भोक पाडून दोरी बांधा, खाली दगड लावा. भर दुपारी सावलीच्या बाजूनं पाण्यात सोडा आणि दिसेनाशी होते तिथं दोरीला गाठ मारा. जवळपास गाळ न काढलेली एखादी बोडी, म्हणजे लहान तळं, असेल तर तिथंही तेच करा.

---

बोडीकाठ | १० मे, रात्री ८:३०

केलं. आईची थाळी घेतली, जुनी आहे असं मला वाटलं होतं. असो.

आमच्या तलावात थाळी एक वीत आणि दोन बोटं गेली आणि गायब. तीन ठिकाणी पाहिलं, तेच. मग दीड किलोमीटरवर जंगलाच्या कडेला एक बोडी आहे, रस्ता नाही म्हणून जेसीबी तिथं पोचला नव्हता. मे महिना, पाणी जेमतेम कमरेएवढं. थाळी तळाला टेकली तरी दिसत होती. तिच्यावरून एक झिंगा चालत गेला. थाळीचा काळा भाग ओलांडताना तो थांबला, मिशा हलवल्या आणि वळून पांढऱ्या भागावरून गेला. मी उकिडवा बसून किती वेळ पाहत होतो कोण जाणे, सोबतचा पोरगा कंटाळून घरी गेला.

काठाला देवधानाची वाळलेली ताटं होती. दोन कमळपक्षी पानांवरून चालत होते. पाणी तेच, आभाळ तेच, दोन्हीकडचं खतही थोडंफार तेच, कारण बोडीच्या वरही बांध्या आहेत.

---

नहरवाले_काका | ११ मे, सकाळी ६:१५

काल रात्री हे वाचलं आणि झोप नीट लागली नाही.

गाळ काढणं चूक, हे मी अजूनही म्हणणार नाही. न काढता तलाव बुजला तर मरळही नाही आणि धानही नाही. पण एक आठवलं ते सांगतो. नोकरीला लागलो तेव्हा जुने पाणकर भेटायचे, तलावाचं पाणी वाटणारे. ते सांगायचे की मालगुजारीच्या काळात उन्हाळ्यात घरटी बैलगाडी गाळ न्यायची. यंदा पाळीजवळचा, पुढच्या साली दुसऱ्या अंगाचा. बैल उतरून चढू शकेल असा उतार ठेवावाच लागायचा, नाही तर भरलेली गाडी बाहेर निघणार कशी? बैलाच्या सोयीसाठी उतार होता आणि मासे त्यावर जगत होते. जेसीबीला उताराची गरज नाही. आम्ही अंदाजपत्रकात घनमीटर लिहायचो. काठ कसा ठेवायचा, असा रकानाच नव्हता.

माझ्या सहीचे असे किती तलाव आहेत ते मोजत नाही.

---

पऱ्हाटी | ११ मे, सकाळी ८:००

काका, मनाले लावून घेऊ नका. पुडी म्याबी फेकली व्हती.

---

बोडीकाठ | ११ मे, दुपारी ३:००

मग आता करायचं काय? बेशरम तेवढी परत आलीय, काठाला तिचंच रान माजलंय. ढोरं तिला तोंड लावत नाहीत.

---

मृगधारा | ११ मे, रात्री ९:००

बेशरम तोडून तिथंच टाकू नका, कांडीला कांडी फुटते. मुळासकट उपटून पाण्यापासून लांब वाळवा, मग जाळा.

भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळानं अर्जुनी मोरगावच्याच पट्ट्यात ढिवर समाजासोबत हे काम बरीच वर्षं केलंय: बेशरम काढायची, स्थानिक पाणवनस्पती लावायच्या, देशी मासे येऊ द्यायचे. तुमच्या तालुक्यातली माणसं आहेत, मला विचारण्यापेक्षा तिथं जाऊन चिखलात उभे राहा. माझ्या मते आधी एका कोपऱ्यात काठाचा उतार परत करा. तिथं बांबूचं कुंपण घालून सायप्रिनस बाहेर ठेवा आणि बोडीतले कंद आत लावा. यंदा गवत्या सोडू नये हे सोसायटीला पटलं तर अर्धं काम झालं.

---

ढिवराची_लेक | ११ मे, रात्री ९:४०

सोसायटीला पर्यावरण सांगू नका, बाजार सांगा. आमच्याकडं जिवंत मरळ कटल्याच्या दुपटीनं जाते, आणि बी विकत घ्यावं लागत नाही. आणि बायकांना बैठकीला बोलवा. कोणती वनस्पती कुठं व्हायची हे त्यांनाच माहीत असतं, भाजी आणि कंद त्याच आणायच्या.

---

बोडीकाठ | २१ सप्टेंबर, रात्री ८:५०

धागा वर काढतोय, कारण विचारणारे बरेच आहेत.

ग्रामसभेत दोन तास भांडण झालं. ज्यांची उन्हाळी धानाची शेती आहे त्यांना वाटलं आम्ही तलाव परत बुजवायला निघालो. शेवटी एकच कोपरा मिळाला, स्मशानाच्या बाजूचा, कारण तो कोणालाच नको होता. काठ फोडून उतार केला, जेसीबीनंच, हेही लिहून ठेवतो. बांबूचं कुंपण घातलं. गावातल्या सात-आठ बायका बोडीवर आल्या आणि मी ज्याला सरसकट गवत म्हणत होतो त्याची अकरा नावं त्यांनी सांगितली. सोसायटीनं गवत्या सोडला नाही. सायप्रिनस मात्र आधीचे आहेतच.

पहिली लावणी जुलैच्या पुरात कुंपणासकट गेली. ऑगस्टमध्ये परत लावली. आज थाळी टाकली. कुंपणाबाहेर एक वीत दोन बोटं, मेमध्ये होती तेवढीच. कुंपणाच्या आत दीड वीत. कोपऱ्यात दोन ठिकाणी मात्र पाणी गढूळ आहे आणि कंद उपटून वर तरंगतायत. कोण करतं समजत नाही.

---

नहरवाले_काका | २१ सप्टेंबर, रात्री ९:२०

दीड वीत म्हणजे कोणाची वीत? सेंटीमीटरमध्ये लिहा, नाही तर पुढच्या वर्षी भांडण होईल.

---

ढिवराची_लेक | २१ सप्टेंबर, रात्री ९:३५

तो सायप्रिनस आहे. खालून चिखल उकरून आत शिरतो. बांबू आणखी वीतभर खाली गाडा आणि आतून दगड लावा. आत शिरलेले आधी काढावे लागतील. रविवारी बाबांना घेऊन येते, जाळं आमचंच आणतो. किती लांबीचा कोपरा आहे?

---

बोडीकाठ | २१ सप्टेंबर, रात्री ९:५०

ताई, चाळीस पावलं लांब, पंधरा रुंद. काका, माझी वीत २१ सेंटीमीटर, आत्ताच मोजली.

रविवारी या, जेवण आमच्याकडं. थाळ्या मात्र पत्रावळीच्या असतील. आईनं स्टीलची सगळी भांडी कपाटात ठेवून कुलूप लावलंय.